बदक छाप वाती

प्रमिलाकाकू मानकर माझ्या दुकानाच्या पायरीशी दिसल्या की मी आधी पंखा बंद करायची. मे महिना असो, जबलपूरची लू अंगाची लाही करत असो, पंखा बंद. काकूंच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत फाइल, फाइलमध्ये सगळे सुटे कागद. एखादा उडून टेबलाखाली गेला आणि लगेच सापडला, तरी पुढचा अर्धा तास 'अजून एक होता वाटते' म्हणत त्या मला वाकवून शोधायला लावायच्या. दोनदा माझी कंबर धरली, तेव्हा मी शहाणी झाले.

माझं दुकान कचेरीसमोर. टायपिंग, झेरॉक्स, फॉर्म भरून देणे. मी पहिल्यापासून तापट. गिऱ्हाइकाला एकदा सांगते, दुसऱ्यांदा आवाज चढतो आणि तिसऱ्यांदा 'भैया, आगे जाओ' म्हणून मोकळी होते. काकूंना मात्र मी तिसऱ्यांदाही सांगायची, चौथ्यांदाही सांगायची. काहून, ते मला आजही कळलेलं नाही. त्या आमच्या गल्लीतल्याच, हे एक कारण. पण गल्लीतले इतरही होते, आणि त्यांच्यावर मी मनसोक्त खेकसले आहे.

बाई ठेंगणी, सावळी, चष्म्याला मागून दोरा बांधलेला. अंगावर कुठे ना कुठे कापसाचा तंतू चिकटलेला असायचाच. भुवईवर, बाहीवर, कधी कुंकवात. मानकरकाका फॅक्टरीतून रिटायर झालेले, दोन मुलं दूरच्या गावी नोकरीला. काकू घरी वाती वळायच्या. समईच्या लांब वाती, फुलवाती, गणपतीला घालायची कापसाची वस्त्रं. हे सगळं आर्वीकडच्या त्यांच्या आईने शिकवलेलं. फुलवाती ग्वारीघाटावर जायच्या, पूजेचं सामान विकणाऱ्यांकडे. लोक पानाच्या दोन्यात वात लावून नर्मदेत सोडतात, त्यासाठी.

आणि या बाईला भीती वाटायची. कशाची, असं नाही. सगळ्याचीच. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, 'उद्या कोणी विचारलं तर?' विजेचं बिल भरलं की त्याच्या दोन झेरॉक्स. एक जपून ठेवायला आणि एक ती जपून ठेवलेली हरवली तर म्हणून. एकदा तर लग्नाची पत्रिका घेऊन आल्या. म्हटलं, काकू, पत्रिकेची झेरॉक्स कशाला? तर म्हणे, आपण जेवायला बसलो आणि उद्या कोणी विचारलं तर, की तुम्हाला बोलावलं कोणी? मी डोक्याला हात लावला आणि झेरॉक्स काढून दिली.

नागपूरच्या गाडीला त्या दोन तास आधी स्टेशनवर. प्लॅटफॉर्म बरोबर आहे का, हे हमालाला विचारायच्या, चहावाल्याला विचारायच्या, मग टीसीला. तिघांनी हो म्हटलं तरी चौथा गाठायच्या, कारण पहिले तिघे एकमेकांच्या ओळखीचे असले तर? मानकरकाका तोवर बाकावर डोळे मिटून बसलेले असायचे. संसार कसा केला असेल या माणसाने, असं मला वाटायचं. आता वाटतं, डोळे मिटूनच केला असेल.

पण वातीच्या बाबतीतली त्यांची भीती वेगळी होती, आणि तिची हकीकत त्यांनी मला एकदाच सांगितली. धंदा नवा होता तेव्हा त्या माल पोचवायला घाटावर गेल्या होत्या. पायरीवर एक बाई, परगावची, दोन्यात दिवा लावून पाण्यात सोडत होती. सोबतच्या म्हातारीने सांगितलं, तिचा मुलगा गेला, त्याच्या नावाचा दिवा आहे. दिवा हातभर गेला आणि विझला. ती बाई तशीच गुडघाभर पाण्यात उतरली, दोना ओढून आणला, काडी ओढू लागली. काडेपेटी भिजलेली. ती ओढतच राहिली.

"तिच्या तोंडाकडे बघवेना वं," काकू म्हणाल्या. "वात माझीच असेल."

मी म्हटलं, घाटावर पन्नास जणांच्या वाती असतात, कशावरून तुमची?

"नसेलही. पण असू शकते ना."

त्या दिवसापासून प्रत्येक घाण्यातली, म्हणजे एकदा आणलेल्या कापसातून जेवढा माल निघेल त्यातली, एक वात त्या घरी तुळशीपाशी लावायच्या आणि ती पूर्ण जळेपर्यंत समोर पाटावर बसायच्या. तेवढा वेळ घरात कोणी पंखा लावायचा नाही, दार उघडायचं नाही, मोठ्याने शिंकायचंसुद्धा नाही. वात मध्येच विझली तर सगळा घाणा रद्द, कापूस उशीत. त्यांच्या घरी उशा फार होत्या.

आता बदकाचं सांगते. पुड्यांवर काही तरी छाप हवा म्हणून काकूंनी कागदावर मोर काढला आणि बाजारातल्या शिक्केवाल्याला दिला. त्याने रबरावर जे कोरलं ते पाहून मला हसू आवरेना. पिसारा कुठल्या कुठे, मान आखूड, चोच चपटी. चक्क बदक. म्हटलं, परत करा. काकू म्हणाल्या, त्याला वाईट वाटेल, आणि उद्या तो म्हणाला, तुम्हीच असं काढून दिलं होतं तर? काढलेला कागद त्याच्याकडेच राहिला होता आणि त्याची झेरॉक्स त्यांनी काढली नव्हती. आयुष्यात बहुधा तेवढीच एक राहिली. त्यामुळे मोराचं बदक झालं आणि घाटावर 'बदक छाप' चालू लागलं. पूजेच्या सामानावर बदक पाहून लोक आधी हसायचे, मग लक्षात ठेवायचे.

मागणी वाढली, एकट्या काकूंना पुरेना. मग बायका जोडल्या गेल्या. गल्लीतल्या सहा-सात, गढा भागातल्या दोघी आणि सिहोऱ्याची सुमनताई धोटे. ही बसने यायची, कापूस घेऊन जायची, आठवड्याने वाती आणून द्यायची. नवरा अचानक गेला होता, मुलगा नितीन तेव्हा कॉलेजात. सुमनताईचा हात काकूंच्या खालोखाल. पण पुड्यांवर छाप मारायला सगळ्यांना काकूंच्याच घरी यावं लागे, कारण शिक्का एकच. काकू तो देवघरात ठेवत.

छत्तीसगड वेगळं होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हाची संक्रांत. काकूंनी हळदीकुंकू केलं आणि वाण काय लुटलं म्हणाल? शिक्के. त्याच शिक्केवाल्याकडून बदकाचे अकरा शिक्के करून आणलेले. ताटात तिळगूळ, बोरं, उसाचे करवे आणि अकरा बदकं, दहा वाटायला आणि एक काकूंच्या जुन्या, झिजलेल्या शिक्क्याच्या जागी. प्रत्येकीला एक. 'घरीच छाप मारत जा, हेलपाटा नको,' एवढंच म्हणाल्या. मला वात धड वळता येत नाही, मलाही दिला. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला वगळणार कसं?

त्या दिवशीची आणखी एक गोष्ट आहे. सुमनताई आली होती ती कापूस न्यायला, हळदीकुंकवाला नव्हे. बायका बसलेल्या पाहून दारातूनच वळली. विधवा बाईने अशा वेळी थांबायचं नाही, हे कोणी तिला सांगायची गरज नव्हती. काकूंनी तिला हाताला धरून आत आणलं आणि सगळ्यांत पहिल्या पाटावर बसवलं. हळद लावली. कुंकवाचं बोट कपाळापाशी गेलं आणि थांबलं. एरवी रस्ता ओलांडताना घाबरणारी बाई ती. मग त्यांनी कुंकू लावलं, ओटीत तिळगूळ घातला आणि पहिला शिक्का सुमनताईच्या हातात ठेवला. सुमनताई मान खाली घालून बसून राहिली. आमच्यातल्या एकीने फोटो काढला. पुढे त्या फोटोने किती ताप दिला, ते तेव्हा कोणाला ठाऊक असणार.

चार-पाच वर्षं छान गेली. मग घाटावर तक्रारी सुरू झाल्या. पुडी बदक छाप, पण वात काळा धूर सोडते आणि तडतडून विझते. काकू धावत घाटावर गेल्या, पुडी फोडली. आत कापूस नव्हताच. उशा-गाद्यांत भरतात तो फायबर, मशीनवर वळलेला. पुड्या सिहोऱ्याहून येत होत्या. नितीनने शिक्षण सोडून दुकान टाकलं होतं आणि आईच्या शिक्क्यावरून छापखान्यात हजारो पुड्या छापून घेतल्या होत्या.

त्या आठवड्यात काकू जेवल्या नाहीत म्हटलं तरी चालेल. दिवसातून दोनदा दुकानात यायच्या, स्टुलावर बसायच्या आणि एकच बोलायच्या, की आत्ता या क्षणाला कोणी तरी घाटावर बदकाची वात लावून राहिलं असेल. मला काम सुधरेना. मीच त्यांना ओढत तिवारी वकिलांकडे नेलं. त्यांचं टेबल आमच्या दुकानापासून दोन टेबलं पुढे, दुकानदारांचे परवाने आणि छापाची नोंदणी हेच त्यांचं काम. त्यांनी शिक्का उलटसुलट करून पाहिला आणि खूश झाले. म्हणाले, अम्माजी, मोर असता तर कठीण होतं, मोर तर अगरबत्तीपासून कापरापर्यंत सगळेच लावतात. पण बत्तीवर बत्तख? असं निशाण डोकं खाजवूनही सुचत नाही. ट्रेडमार्कचा अर्ज करा. एकदा नोंद झाली की दुसऱ्या कोणाला बदक लावता येणार नाही.

आपल्याकडचे हे कागद मुंबईच्या ऑफिसात जातात. अर्ज गेला आणि काकूंचा नवा दिनक्रम सुरू झाला. मुंबईहून काही आलं का? पोस्टमन त्यांना दुरून पाहून मान हलवायचा. अर्जाचा नंबर त्यांनी पाठ केला होता, तो त्या जपासारखा म्हणायच्या. अखेर चिन्ह सरकारी जर्नलमध्ये छापून आलं. वकील म्हणाले, आता चार महिने कोणी हरकत घेतली नाही की झालंच. काकूंनी कॅलेंडरवर दिवस खोडायला घेतले. चौथ्या महिन्यात हरकत आली. हरकत घेणारा, नितीन धोटे, सिहोरा.

मी नोटीस वाचून दाखवली. हे चिन्ह अर्जदाराचं एकटीचं नाही. तिने ते संक्रांतीला दहा स्त्रियांना जाहीरपणे, कायमचं देऊन टाकलं. त्यांत माझी आई पहिली. पुरावा म्हणून तो फोटो जोडलेला. झेरॉक्स काळपट होती, तरी सगळं दिसत होतं. ताटातले शिक्के, काकूंचं बोट, सुमनताईचं कपाळ. मला वाटलं, काकू आता कोसळतात. त्यांनी चष्मा सारखा करून फोटो जवळ धरला.

"सुमन किती छान दिसून राहिली बघ," त्या म्हणाल्या.

उत्तराला दोन महिन्यांची मुदत होती. उत्तर दिलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. काकू म्हणाल्या, आधी नितीनशी बोलू, पोराने आपल्या हातचे लाडू खाल्लेत. आम्ही दोघी बसने सिहोऱ्याला गेलो. नितीन वाईट वागला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. त्याने खुर्च्या पुसून दिल्या, चहा मागवला, काकूंच्या पाया पडला. मग शांतपणे म्हणाला, "काकू, तुम्ही आईला दिलं म्हणजे आमच्या घरात आलं. घरात आलं ते माझं. धंदा आहे, चलो, मनाला लावून नका घेऊ." फायबरचं विचारलं तर म्हणाला, घाटावरच्या दिव्याला कोण घड्याळ लावतं?

सुमनताई आत होती. बाहेर आली नाही. आम्ही तासभर बसलो, ती आली नाही.

परतीच्या बसमध्ये मी नितीनला, त्याच्या चहाला आणि त्याच्या सात पिढ्यांना शिव्या घालत होते. काकू खिडकीबाहेर पाहत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, सुमन आजारी तर नसेल?

तिवारीजींनी उत्तराचा मसुदा केला. त्यात मुख्य वाक्य एकच होतं, की शिक्के फक्त माझ्या कामासाठी, माझ्या देखरेखीखाली वापरायला दिले होते. ते माझेच आहेत आणि परत मागण्याचा हक्क माझा आहे. खाली 'वरील मजकूर खरा आहे' आणि सही. मी टाइप केलं, काकूंना मराठीत समजावून सांगितलं आणि पेन पुढे केला. काकूंनी पेन घेतला नाही.

"वापरायला नव्हते दिले. वाण दिलं."

मी म्हटलं, तेच ते. काकू म्हणाल्या, तेच नाही. वाण परत मागत नाहीत. मी परोपरीने सांगितलं, की हा कायद्याचा कागद आहे, यात असंच लिहितात, सगळेच लिहितात. मुदतीचे नऊ दिवस उरले होते. काकूंनी पदराचं टोक पिळून पिळून दोरी केली होती. सही केली नाही तर बदक जातं, हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. माझा तोल गेला. भर दुकानात मी त्यांच्यावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, करा सही काकू, उद्या कोणी विचारणार नाही तुम्हाला.

"मी विचारीन ना," काकू म्हणाल्या.

आणि फाइल पिशवीत घालून निघून गेल्या. मी पंखा लावला आणि बसून राहिले. मला माझीच लाज वाटत होती, आणि रागही येत होता त्यांचा, की एवढी भित्री बाई नेमकी नको तिथे कशी अडते.

तिवारीजींना मी हे सगळं सांगितलं. वाण म्हणजे काय हे त्या भल्या माणसाला समजावताना माझी दमछाक झाली. ते म्हणाले, म्हणजे अम्माजींनी खरोखरच दान केलं? मग सोडा, हा अर्ज मेला. थोडा वेळ पान चघळत बसले. मग म्हणाले, "अगर ग्यारह औरतों के पास है, तो ग्यारह औरतें ही माँगें."

असाही एक रस्ता कायद्यात होता. एकीच्या नावाने नाही, तर बायकांच्या संस्थेच्या नावाने सामूहिक चिन्ह. जुना अर्ज सोडायचा, अकरा जणींची संस्था करून नवा अर्ज द्यायचा, चिन्ह संस्थेचं. कोणी, कशी वात करायची याचे नियम अर्जासोबत द्यायचे; नियम मोडले तर बदक लावता येणार नाही. यात खोटं काहीच लिहायचं नव्हतं. शिक्के दिले ते दिले, असंच लिहायचं होतं. अट एकच, की अकराच्या अकरा हव्यात. सुमनताई बाहेर राहिली तर नितीन आईच्या नावावर पुन्हा हरकत घेणार.

दुसरी गोष्ट वकिलांनी काकूंना समोर बसवून सांगितली. अम्माजी, नीट ऐका. यानंतर हे निशाण तुमचं राहणार नाही. तुम्ही अकरातल्या एक. उद्या या दहा जणींनी तुम्हाला संस्थेतून काढलं तरी बदक त्यांचंच राहील.

काकू उठल्या. माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसल्या आणि रडल्या. आवाज नाही, नुसतं पाणी.

"माझं होतं ना ते," म्हणाल्या. "मोर काढला होता वं मी."

मी पाणी दिलं. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना हाकललं. मला त्या वेळी वाटलं, नको करू दे सही, मरो ते बदक. पण काकूंनी डोळे पुसले आणि विचारलं, नियम कोण लिहिणार?

नियम म्हटल्यावर त्यांच्या अंगात वेगळंच बळ आलं. चार दिवसांत त्यांनी वहीत एकोणतीस नियम लिहून आणले. कापूस कोणता, धुवायचा किती वेळा, वळताना हात कोरडा की दुधाचा, एक वात लावून पाहायची ती किती वेळ. विसावा नियम होता, की दिवा फुंकून विझवू नये. तिवारीजी हात जोडून म्हणाले, अम्माजी, हा नियम वात करणाऱ्यांसाठी नाही, लावणाऱ्यांसाठी आहे. नऊ ठेवले, वीस काढले. काढलेल्या विसांची झेरॉक्स काकूंनी घेतली. आणि मी सभासद होणार, पण मला वात येत नाही, म्हणून मला सात दिवस दुपारी पाटावर बसवून शिकवलं. माझ्या शंभरेक वाती उशीत गेल्या.

नऊ जणींच्या सह्या झाल्या, माझी दहावी. काकूंची त्यांच्यातच, वर्णाक्षरांच्या क्रमाने, मधे कुठे तरी. नव्या अर्जाचे कागद सोमवारी द्यायचे ठरले होते. अकरावी ओळ रिकामी. सुमनताईला सांगावा धाडायला काकूंनी सगळ्यांना बंदी केली होती. 'मी तिला सही मागायला गेले, तर ते वाण परत मागणंच झालं,' म्हणायच्या. तरी गढ्याच्या कोणी तरी बसच्या कंडक्टरबरोबर निरोप पाठवलाच असणार. मी विचारलं नाही, अजूनही विचारलेलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी काकू येऊन रिकाम्या ओळीकडे पाहून गेल्या. शनिवारी सकाळी कुलूप काढायच्या आधी पुन्हा हजर. वकील म्हणाले होते, रिकामी ओळ चालत नाही.

अकराच्या सुमारास सुमनताई आली. एकटी, हातात छत्री, चपला धुळीने भरलेल्या. काकू स्टुलावरून उठल्या आणि त्यांना काय करावं सुचेना, म्हणून त्या पुन्हा बसल्या. सुमनताईने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. सरळ माझ्या टेबलाशी आली.

"कुठे लिहायचं हाय?"

मी ओळ दाखवली. म्हटलं, सुमनताई, नितीनला ठाऊक आहे का? तिने पेन हातात घेतला होता तो खाली ठेवला. मग काकूंकडे न पाहताच, पण त्यांनाच बोलली.

"पोरगा म्हणते, आईले भेटलं म्हणजे मले भेटलं. वाण असं पोराले जात नाही. बाईनं बाईले देल्लेलं असते ते. नवऱ्याचंही नसते, पोराचंही नसते." तिने पेन पुन्हा उचलला. "नवरा गेल्यावर मले कोणी काही देल्लं नव्हतं. तुम्ही देल्लं."

मग तिने सही केली. पूर्ण नाव, मधे नवऱ्याचं नाव, सावकाश, एकेक अक्षर. काकू तिच्या खांद्याला हात लावून नुसत्या उभ्या होत्या. चहा घे म्हटलं तर सुमनताई थांबली नाही, बस होती.

तिला हे स्वस्त पडलं नाही. नितीनने घरात बोलणं टाकलं. ती तीन-चार महिने शहपुऱ्याला मुलीकडे राहिली आणि तिथूनच वाती पाठवत होती. मग सुनेने येऊन तिला परत नेलं. नितीनने हरकत घेतली नाही. कशावर घेणार होता? त्याने फायबरचं मशीन विकलं की दुसऱ्या छापाने चालवलं, मला माहीत नाही आणि मला करायचंही नाही. बऱ्याच काळाने मुंबईहून नोंदणीचा कागद आला. काकूंनी त्याच्या अकरा झेरॉक्स काढल्या, प्रत्येकीला एक. मूळ कागद कोणाकडे ठेवायचा यावर त्यांना आठ दिवस झोप लागली नाही.

पुढे त्यांची बोटं आखडली. वात वळेना. संस्थेत नव्या बायका आल्या, काकूंना ओळखतही नाहीत अशा. वाती वळायच्या वेळेला काकूंचे हात मांडीवर चुळबुळत, ते मी पाहिलं आहे.

त्यांना शेवटचं धड हिंडता-फिरताना मी पाहिलं ते ग्वारीघाटावर. मानकरकाका जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या नावाचा दिवा सोडायचा, मला घेऊन चल, म्हणाल्या. सकाळची वेळ, ऑटोने गेलो. पायऱ्यांवर एक पोरगेलीशी बाई टोपलीत दोने, फुलं, वाती घेऊन बसली होती. काकूंनी वाकून टोपलीत पाहिलं. दोन-तीन प्रकारच्या पुड्या होत्या. त्या विकणारणीने स्वतःच बदकाची पुडी काढून काकूंच्या हातात दिली.

"अम्मा, ये बत्तख वाली लो. बाकी सब बीच में बुझ जाती हैं."

"पक्का?" काकूंनी विचारलं.

"पक्का अम्मा. दूर तक जाती है."

काकूंनी पुडी उघडली, एक वात आखडलेल्या बोटांत धरून डोळ्यांजवळ नेली. उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. मग विचारलं, कौन बनाता है?

"पता नहीं अम्मा. बहुत सी औरतें हैं."

मी तोंड उघडलं. या बाईला समजायला हवं होतं, समोर कोण उभं आहे ते. काकूंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी गप्प.

"हाँ," काकू म्हणाल्या, "बहुत सी हैं." आणि पायरीचा आधार घेत पाण्याकडे उतरू लागल्या.